‘मूळ नाव’ कोणाचे? : स्वातंत्र्योत्तर मराठवाड्यातील स्थलनामचर्चेची चिकित्सा

प्रास्ताविक

परकीय सत्तेतून मुक्त झालेल्या बहुतेक राष्ट्रांनी स्वातंत्र्यानंतर आपल्या नकाशावरील नावे बदलली. १९५७ मध्ये ‘गोल्ड कोस्ट’चे घाना झाले, १९६६ मध्ये लिओपोल्डव्हिलचे किन्शासा झाले, १९७२ मध्ये सिलोनचे श्रीलंका आणि १९८० मध्ये ऱ्होडेशियाचे झिंबाब्वे झाले. भारतात १९९५ मध्ये मुंबई, १९९६ मध्ये चेन्नई आणि २००१ मध्ये कोलकाता ही नावे इंग्रजी व्यवहारातही अधिकृत झाली. या सर्व घटनांकडे पाहण्याची एक ठरीव दृष्टी आपल्या अभ्यासात रुळली आहे. परक्यांनी नाव पुसले, स्वकीयांनी ते परत आणले, अशी ती दृष्टी होय. प्रस्तुत लेखात या दृष्टीची मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे चिकित्सा करावयाची आहे. लेखकाचे गाव उमापूर (ता. गेवराई) असल्यामुळे उदाहरणे याच परिसरातील अधिक आली आहेत, हे मान्य करूनच पुढे जाणे योग्य ठरेल.

मराठवाडा हा रूढ अर्थाने ब्रिटिशांची वसाहत नव्हता. तो हैदराबाद संस्थानाचा भाग होता आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला. त्यामुळे येथील गावांच्या नावांवर एक नव्हे, दोन लेखण्या चालल्या. पहिली निजामी दप्तराची, म्हणजे आधी फारसीची व नंतर उर्दूची. दुसरी इंग्रजी नकाशांची आणि गॅझेटिअरांची. या दोहोंच्या खाली लोकांची बोली होती आणि ती या दोन्ही लेखण्यांना फारशी विचारीत नव्हती. चर्चेत नेमकी हीच तिसरी गोष्ट विसरली जाते.

‘वसाहत’ या मराठी शब्दाचीही येथे आठवण ठेवावी लागते. आपण याच एका शब्दाने परक्यांच्या ताब्यातील मुलूख सांगतो, धरणग्रस्तांची नवी वस्तीही सांगतो आणि औद्योगिक वसाहतही सांगतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘महाराष्ट्राचा वसाहतकाल’ असे म्हटले तेव्हा त्यांना लोक येऊन वसल्याचा काळ अभिप्रेत होता. फारसीतील ‘आबाद’ या शब्दाचा अर्थही वसलेले, नांदते असाच आहे. ज्या ‘आबाद’ला परके म्हणून आपण हटवतो आणि ज्या ‘नगर’ला आपले म्हणून बसवतो, ते दोन्ही एकच काम करणारे शब्द आहेत.

व्युत्पत्ती आणि मालकी

मराठी स्थलनामविचाराचा पाया राजवाडे यांनी घातला, याविषयी दुमत नाही. गावांची नावे ही इतिहासाची साधने आहेत, ही दृष्टी त्यांनी दिली. मात्र प्रत्येक नावाचा माग संस्कृतापर्यंत नेण्याचा त्यांचा आग्रह होता. उलट शं. बा. जोशी यांनी ‘मऱ्हाटी संस्कृती : काही समस्या’ या ग्रंथात महाराष्ट्रातील अनेक नावांखालचा कन्नड थर दाखविला. या दोन अभ्यासकांतील मतभेद भाषाशास्त्रीय आहेत खरे. परंतु त्यांच्या वाचकांनी ते तसे घेतले नाहीत. नाव संस्कृत ठरले तर भूमी आर्यांची, कन्नड ठरले तर भूमी कानडी लोकांची, असा वाद चालू राहिला. मुळाचा शोध हा मालकीचा शोध बनला.

मराठवाड्यातील लातूर, धारूर, नांदूर या नावांतील ‘ऊर’ हा अंत्य घटक या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. तो द्राविडी ‘ऊर’ म्हणजे गाव, असे एक स्पष्टीकरण. संस्कृत ‘पुर’मधील ‘प’ प्राकृतात लोपून ‘उर’ झाला, हे दुसरे. ध्वनिनियमांच्या कसोटीला दोन्ही उतरतात. परंतु लातूरच्या बाबतीत एक पुरावा बोलका आहे. राष्ट्रकूट आपल्या बिरुदांत स्वतःला ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. म्हणजे लट्टलूर या नावात ‘पुर’ आधीच आहे असे ते बिरुद रचणाऱ्यास वाटत नव्हते. नाहीतर त्याला आणखी एक ‘पुर’ जोडावा लागला नसता. नावाचा मूळ अर्थ विसरला गेला की त्यावर नवा प्रत्यय चढतो. आपल्याकडे ‘पूर’ हे उत्तरपद असलेल्या गावांची नावे फोडताना हा अनुभव लक्षात ठेवला पाहिजे. उमापूर हे नाव शाळकरी मुलगाही उमा अधिक पूर असे फोडून दाखवील आणि उमा म्हणजे पार्वती असेही सांगेल. पण ‘उमा’ हे उमाजीसारख्या पुरुषनामाचेही रूप असू शकते, आणि गाव वसविणाऱ्या किंवा इनाम मिळविणाऱ्या माणसाचे नाव गावाला लागणे ही महाराष्ट्रातील नित्याची गोष्ट आहे. जे नाव सहज उकलते त्याविषयीच अभ्यासकाने अधिक सावध असावे. निर्णय देवळाच्या कथेवरून नव्हे, तर जुन्या सनदा आणि महसुली कागदांवरूनच लागू शकतो.

बीडच्या नावाची गोष्ट

जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाविषयी जी माहिती शालेय पुस्तकापासून पदव्युत्तर प्रबंधापर्यंत एकसारखी उतरवली जाते ती अशी : पांडवकाळी या नगरास दुर्गावती म्हणत, पुढे ते बलनी झाले, विक्रमादित्याची बहीण चंपावती हिने ते जिंकून त्यास चंपावतीनगर असे नाव दिले, आणि मुहम्मद बिन तुघलकाच्या काळात ते ‘बीर’ झाले. ही माहिती १९०८ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या इंपीरिअल गॅझेटिअरमध्ये ‘असे सांगतात’ या स्वरूपात आली आहे. हैदराबाद संस्थानाविषयीची माहिती संस्थानी अधिकाऱ्यांकडून मागवून ती तयार झाली होती. म्हणजे स्थानिक आख्यायिका संस्थानी कारकुनाच्या लेखणीतून इंग्रजीत गेली, तेथून मराठीत परत आली, आणि या फेरीत ‘असे सांगतात’ हे दोन शब्द गळून पडले. आता ती आख्यायिका राहिली नाही, इतिहास झाली. चंपावतीचे नाव आज बीडमधील शाळा-संस्थांच्या पाट्यांवर आहे. त्यात गैर काही नाही. गैर आहे ते संशोधनात तिला पुरावा म्हणून उभे करणे.

‘बीर’ म्हणजे अरबीतील विहीर आणि म्हणून हे नाव तुघलकाने दिले, ही दुसरी लोकप्रिय व्युत्पत्ती. येथे साधा ध्वनिविचारही केला जात नाही. अरबी शब्दाच्या शेवटी ‘र’ आहे. मराठीत या गावाच्या नावाच्या शेवटी ‘ड’ आहे आणि उर्दूतही ते नाव ‘ड़े’ या अक्षराने लिहिले जाते. अरबी शब्दातील ‘र’चा मराठी जिभेवर ‘ड’ का व्हावा, याचे उत्तर ही व्युत्पत्ती देत नाही. ‘बीर’ किंवा ‘भीर’ ही रूपे इंग्रजी लेखकांना ‘ड़’ लिहिता न आल्यामुळे झाली, हे स्पष्टीकरण अधिक सरळ आहे. तुघलकाचा एक दात बीडनजीक पुरला असल्याची व त्यावर थडगे बांधल्याची कथा प्रसिद्ध आहे. सुलतानाचा दात राहिला म्हणून गावाचे नावही त्याचेच, असे मानण्याची घाई आपण करू नये.

महाराष्ट्र शासनाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी जिल्हा गॅझेटिअरच्या मुखपृष्ठावर ‘भीर’ हेच रूप आहे. मुक्तीनंतर एकवीस वर्षांनी, मराठी भाषिक राज्य स्थापन होऊन नऊ वर्षे उलटल्यावर! पुढे ते रूप कोणत्याही आंदोलनाशिवाय मागे पडले आणि इंग्रजीत ‘बीड’ रुळले. यासाठी कोणी मोर्चा काढल्याचे ऐकिवात नाही. मुंबईच्या बाबतीत जे घडले तेही तत्त्वतः हेच होते. मराठी माणसाने मुंबईला कधी ‘बॉम्बे’ म्हटलेच नव्हते. बोलीतील नाव इंग्रजी लेखनात आणणे आणि एका नावाच्या जागी दुसरे ठेवणे या भिन्न क्रिया आहेत. त्यांना ‘नामांतर’ या एकाच शब्दात कोंबल्यामुळे चर्चेचा पुष्कळ गोंधळ झाला आहे.

परतलेली नावे, न परतलेली नावे

आंबेजोगाईचे उदाहरण या बाबतीत सर्वांत उद्बोधक आहे. मुकुंदराज आणि दासोपंत यांच्या या गावाला निजामी दप्तरात ‘मोमिनाबाद’ म्हणत. तेथे हैदराबादी फौजेची छावणी होती. मुक्तीनंतर ते नाव गेले. पण लोकांच्या तोंडून जुने नाव गेलेच नव्हते, म्हणून याला पुनःस्थापना म्हणण्यापेक्षा कागदावरचा एक थर खरवडला असे म्हणणे योग्य. मात्र खरवडताना आणखी एक गोष्ट घडली. जुने मराठी रूप ‘जोगाईचे आंबे’ असे आहे. आंबे हे गावाचे नाव आणि जोगाई म्हणजे योगेश्वरी ही तेथील देवी. आजचे शासकीय रूप ‘अंबाजोगाई’ असे लिहिले जाते. आंब्याच्या जागी अंबा आली! झाडाची आठवण सांगू शकणारे नाव दुहेरी देवीनाम बनले. ज्याला आपण मूळ नाव परत आणणे म्हणतो, त्या क्रियेतही नाव जसेच्या तसे परत येत नाही. परत आणणाऱ्याच्या रुचीनुसार ते थोडे शुद्ध, थोडे संस्कृत होऊन येते.

धारूरची कथा याहून निराळी. शहाजहानच्या काळात मोगलांनी हा किल्ला घेतल्यावर त्याचे नाव ‘फतेहाबाद’ ठेवले गेले. मोगल नाण्यांवरही हे टांकसाळीचे नाव येते. आज ते नाव नाणेसंग्राहकांखेरीज कोणाला माहीत नाही. कोणत्याही ठरावावाचून ते विरले. राजाज्ञेने दिलेले नाव लोकांनी उचलले नाही, तर ते टिकविण्याचे सामर्थ्य कोणत्याही सत्तेत नसते. आणि उचलले, तर काय होते ते औरंगाबादच्या उदाहरणात दिसते. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी शहर वसविले. त्याच्या मुलाने, फतेहखानाने, १६२६ मध्ये त्याचे फतेहनगर केले आणि १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद. दोन ‘फतेह’पैकी एकही टिकला नाही, औरंगाबाद मात्र साडेतीनशे वर्षे टिकले.

या नावाच्या बदलाचा इतिहास वाचकांस परिचित आहे. १९८८ पासून ‘संभाजीनगर’ची मागणी, १९९५ मध्ये महापालिकेचा ठराव, त्यानंतरची न्यायालयीन लढाई, २००१ मध्ये अधिसूचना मागे घेणे, जून व जुलै २०२२ मधील मंत्रिमंडळांचे निर्णय, २४ फेब्रुवारी २०२३ रोजी केंद्राची संमती आणि ८ मे २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने छत्रपती संभाजीनगर व धाराशिव ही दोन्ही नावे कायम ठेवणे, असा हा क्रम आहे. लेखकाला येथे राजकीय बाजू मांडावयाची नाही. परंतु एकाच दिवशी संमती मिळालेल्या या दोन नावांचे स्वरूप एक नाही, हे भाषाभ्यासकाने तरी सांगितले पाहिजे. धाराशिव हे जुने नाव आहे; तेथील लेणी त्याच नावाने ओळखली जातात आणि सातव्या निजामाचे ‘उस्मान’ हे नाव त्यावर फार उशिरा आले. हे खऱ्या अर्थाने परतणे आहे. छत्रपती संभाजीनगर हे परतणे नव्हे, ते नवे स्मारकनाम आहे. परतायचे असते तर ‘खडकी’कडे परतावे लागले असते. ज्या राजाला औरंगजेबाने १६८९ मध्ये हालहाल करून मारले त्याचे नाव औरंगजेबाच्या शहराला देणे, यामागील भावना समजण्यासारखी आहे आणि तिचे समर्थन करताना ‘मूळ नाव’ हा आधार घेण्याची गरजही नाही. स्मारक म्हणून स्मारकाचे समर्थन करावे.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते साच्याचे साम्य. औरंगाबाद म्हणजे राजाचे नाव अधिक वस्तीवाचक शब्द. संभाजीनगर, अहिल्यानगर यांचाही साचा तोच. खडकी हे नाव मात्र खडकावरून, जमिनीवरून आलेले. आमच्या परिसरातील बोरगाव, पिंपळनेर, वडवणी ही नावे झाडांची आहेत. स्वातंत्र्योत्तर नामकरणाने दरबारी नाव काढले, पण दरबारी साचा ठेवला. झाडापाण्यावरून गावाला नाव देण्याची लोकांची रीत शासकीय नामकरणात जवळजवळ उरलीच नाही. गोदाकाठच्या राक्षसभुवनाकडे पाहावे. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला ते हे गाव. शनीचे प्रसिद्ध देवस्थान. विजयाच्या स्मरणार्थ त्याचे काही ‘विजयनगर’ झाले नाही. राक्षस नावात तसाच नांदतो आहे आणि कोणाचे काही अडले नाही.

अहमदनगरच्या बदलाविषयी एक लहानसे निरीक्षण नोंदवून पुढे जाऊ. राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय मार्च २०२४ चा, केंद्राची संमती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. आमच्याकडील माणूस पूर्वी ‘नगरला जातो’ म्हणायचा, आजही ‘नगरला जातो’च म्हणतो. बोलीने नावाचा पुढचा अर्धा भाग केव्हाच टाकून दिला होता आणि शासनाने बदलला तो नेमका तोच. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, बीडहून अहिल्यानगरला पहिली प्रवासी रेल्वे सुटली. फलाटावर पाटी अहिल्यानगरची आणि डब्यात बसलेल्यांच्या तोंडी नगर, हे दृश्य नामाभ्यासकाने चुकवू नये.

केंद्रीय गृह मंत्रालयाने ११ सप्टेंबर १९५३ रोजीच गाव-शहरांची नावे बदलण्याविषयी राज्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. विशेष कारण असल्याशिवाय रुळलेली नावे बदलू नयेत, इतिहासाशी निगडित नावे शक्यतो राखावीत, केवळ स्थानिक अभिमानासाठी वा भाषिक कारणासाठी बदल करू नये, आणि नव्या नावाने गोंधळ होणार नाही हे पाहावे, असा त्यांचा आशय आहे. स्वातंत्र्याला सहा वर्षे होत असताना प्रशासनाला हा धोका दिसला होता. २७ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नामांतर आयोगाची मागणी करणारी याचिका फेटाळली, तेव्हाही सूर सावधगिरीचाच होता.

जागेवरून सुटलेले नाव

घाना या देशाविषयी वर उल्लेख आला आहे. मध्ययुगीन घाना साम्राज्य आजच्या घानात नव्हते. ते वायव्येकडे, आजच्या मॉरिटानिया व मालीच्या प्रदेशात होते. १९७५ मध्ये दाहोमेने ‘बेनिन’ हे नाव घेतले, पण बेनिनचे प्राचीन राज्य आजच्या नायजेरियात येते. नाव आणि जागा यांची अशी फारकत आफ्रिकेतच होते असे नाही. आमच्या जिल्ह्यातील एक गाव हे याचे ठळक उदाहरण आहे. गोदावरीवर धरण बांधण्याची योजना हैदराबाद राज्याच्या काळात आखली गेली, तेव्हा जागा ठरली होती ती बीड जिल्ह्यातील जायकवाडी या गावाजवळ. पुढे जागा बदलून पैठणजवळ धरण झाले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. जागा गेली, नाव मात्र कागदाला चिकटून राहिले. आज साऱ्या महाराष्ट्राला जायकवाडी ठाऊक आहे, पण जायकवाडी नावाचे गाव ठाऊक नाही. पावसाळ्यात ‘जायकवाडी किती टक्के भरले’ असे विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पैठण असते.

जलाशयाला ‘नाथसागर’ हे नाव एकनाथांवरून मिळाले. या नाथसागराखाली शंभराहून अधिक गावांच्या जमिनी किंवा घरे गेली. जी गावे उठून नव्या जागी बसली त्यांनी आपली नावे बरोबर नेली. ‘जुने’ आणि ‘नवे’ ही विशेषणे तेवढी लागली. स्वातंत्र्योत्तर काळातील स्थलनामांच्या उत्पत्तीचा अभ्यास करायचा तर तो शहरांच्या पाट्यांपेक्षा या ‘जुने’-‘नवे’ गावांत अधिक करता येईल. नाव हे जमिनीचे असते की माणसांचे, हा प्रश्न तेथे प्रत्यक्ष विचारला गेला आणि लोकांनी उत्तर दिले : माणसांचे. बंजारा तांड्यांची रीतही हीच होती. तांडा नायकाच्या नावाने ओळखला जाई, हलला तर नाव बरोबर हले. तांडा स्थिर झाल्यावर आणि सरकारी कागदात गेल्यावर नायकाचे नाव जमिनीला खिळले.

गावकुसाबाहेरची नावे

येथपर्यंतची चर्चा ज्या नावांविषयी झाली त्यांना निदान अभ्यासक मिळाले. २ डिसेंबर २०२० रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक निर्णय घेतला आणि त्याच महिन्यात त्याचा शासन निर्णय निघाला. महारवाडा, बौद्धवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे द्यावीत, असा तो निर्णय आहे. संख्येने पाहता महाराष्ट्रातील हे सर्वांत मोठे नामांतर ठरावे, कारण ते जवळजवळ प्रत्येक गावाला लागू आहे. आपल्या विद्यापीठीय चर्चेत त्यावर जेवढे लिहिले गेले त्याहून कितीतरी पट अधिक एका शहराच्या नावावर लिहिले गेले. नावासाठी मराठवाड्याने काय किंमत मोजली आहे हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्याकडून तरी हे अपेक्षित नव्हते. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा; मधल्या साडेपंधरा वर्षांत घरे जळाली, माणसे मारली गेली.

प्रवेश-अर्ज तपासण्याचे काम दरवर्षी माझ्याकडे असते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने पत्त्याच्या रकान्यात फक्त ‘मु. पो.’ आणि गावाचे नाव लिहिले होते. ‘गल्ली किंवा वस्ती लिही’ असे मी सवयीने म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिले, पेन हातात धरले आणि काही न लिहिता अर्ज परत टेबलावर ठेवला. सोबत जोडलेल्या दाखल्यावर वस्तीचे नाव होते. मी तो अर्ज तसाच स्वीकारला. पत्त्याची ती ओळ कोरी राहिल्याने कार्यालयाचे काही अडले नाही.

या प्रसंगानंतर ‘जुनी नावे म्हणजे इतिहासाचा ठेवा’ हे वाक्य मला पूर्वीइतके सहज लिहिता येत नाही. महारवाडा हे नाव गावगाड्याच्या रचनेचा पुरावा आहे, हे खरे. पण तो पुरावा जपण्याचा भार ज्यांच्या पत्त्यावर तो लिहिला गेला त्यांनीच का वाहावा? पुरावा दप्तरखान्यात आणि ग्रंथात जपता येतो. त्यासाठी कोणा मुलीच्या गुणपत्रिकेवर तो असण्याची आवश्यकता नाही.

तरीही शासन निर्णयाची चिकित्सा टाळता येत नाही. त्यातील यादीत ‘बौद्धवाडा’ हे नाव महारवाड्याच्या शेजारी ठेवले आहे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील लोकांनी स्वतःहून आपल्या वस्तीला बौद्धवाडा म्हणण्यास प्रारंभ केला. ते लादलेले नाव नव्हते; लादलेले नाव नाकारून घेतलेले होते. स्वातंत्र्योत्तर महाराष्ट्रात तळातून उगवलेले कदाचित हे सर्वांत अर्थपूर्ण स्थलनाम. शासनाने ते आणि ज्याला ते पर्याय होते ते, दोन्ही एकाच रकान्यात टाकले. हेतू चांगला असूनही येथे ऐकण्यात कसूर झाली, असे म्हणावे लागते. दुसरे असे की, सुचविलेली नावेही जात झाकत नाहीत. भीमनगर म्हटल्यावर वस्ती कोणाची हे गावात कोणाला विचारावे लागत नाही. नाव बदलले, पण वस्ती वेशीबाहेर होती तेथेच आहे. समतानगर या नावाचा रस्ता पावसाळ्यात चिखलाचा असेल तर ते नाव थट्टेसारखे ऐकू येते.

आणि ही नावे ठरवते कोण? निर्णयाची अंमलबजावणी स्थानिक संस्थांवर सोपविलेली आहे, म्हणजे गावात ग्रामसभेचा ठराव. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभेच्या प्रचलित तारखा. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ज्या वस्त्यांची नावे बदलायची त्यांतील पुष्कळ कुटुंबे २६ जानेवारीच्या ग्रामसभेच्या वेळी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात उसाच्या फडात असतात, कोपीत राहतात. त्यांच्या गैरहजेरीत त्यांच्या वस्तीला नाव मिळू शकते. असे ठराव १५ ऑगस्टच्या सभेतच घ्यावेत, एवढी साधी तरतूदही करता आली असती.

अभ्यासाची दिशा

स्थलनामाच्या अभ्यासात ‘मूळ नाव कोणते’ या प्रश्नाऐवजी ‘हे नाव कोण, कोठे, कोणत्या कागदावर लिहितो’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. लोकांच्या तोंडचे नाव, ग्रामपंचायतीतील नाव, महसुली नाव, टपालाचे नाव आणि रेल्वेच्या पाटीवरील नाव ही पाच नावे अनेकदा एक नसतात. ती समोरासमोर मांडली की कोणते नाव वरून आले आणि कोणते खालून, हे बहुधा आपोआप दिसते. मराठी विभाग आणि इतिहास विभाग यांनी मिळून एका महसूल मंडळापुरते हे काम केले तरी पुष्कळ साधेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शहरांच्या नामांतरावरील वृत्तपत्रीय कात्रणे जमविण्यास लावण्यापेक्षा स्वतःच्या गावात हे करावयास लावावे.

गावाच्या नावापाशीच थांबण्याचेही कारण नाही. आमच्याकडे प्रत्येक शेताला नाव असते : चिंचेचे, बरडाचे, ओढ्याकडचे, कोणा आजीच्या नावाचे. ही नावे घरात आणि बांधावर चालतात. बँकेत, तहसिलीत आणि विम्याच्या अर्जावर चालतो तो गट क्रमांक. जमिनीच्या वाटण्या झाल्या, विहिरी बुजल्या, चिंच तोडली गेली की नावही जाते, आणि ते गेल्याची नोंद कोठेही होत नाही. वास्तविक गाव नमुना सातवर, म्हणजे सातबाऱ्याच्या वरच्या भागात, ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना शासनाने स्वतःच ठेवलेला आहे. माझ्या घरच्या सातबाऱ्यावर तो कोरा आहे.